संदर्भासाठी जपलेली चित्रे ऐन चवथीत सापडत नाहीत? कारण आणि उपाय

गणपतीची चवथ तोंडावर आली की गोव्यातल्या कितीतरी घरांत एकच शोध सुरू होतो. मखराची ती कागदी जाळी कुठेतरी पाहिली होती, कोणीतरी पाठवली होती, आपण जपूनही ठेवली होती. मग गॅलरी खालीवर होते, इन्स्टाग्राम उघडते, पिंटरेस्ट उघडते, व्हॉट्सअ‍ॅपचे तीन-चार ग्रुप उपसले जातात. हवे ते चित्र मिळत नाही आणि शोधता शोधता आणखी नवी चित्रे जपली जातात. दिवाळीच्या आधी नरकासुराच्या तोंडवळ्यासाठी हेच होते. शिगम्याच्या चित्ररथासाठी आणि जत्रेतल्या नाटकाच्या नेपथ्यासाठीही तेच. मी मुलांना चित्रकला शिकवते आणि मंडळांची नेपथ्ये करते, त्यामुळे ही तक्रार मला वर्षभर ऐकू येते. फोन बदलला, नवे अ‍ॅप घेतले, फोल्डर पाडले, तरी पुढच्या वर्षी अडचण तशीच परत येते.

ती परत का येते, हे आधी पाहू. जपलेल्यांतली कोणतीही पाच चित्रे उघडा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हे कुठून आले? कोणी केले? आणि मी हे का ठेवले? पहिल्याचे उत्तर अर्धवट येते, दुसऱ्याचे क्वचित. तिसऱ्याला बहुतेक वेळा उत्तरच नसते. खरी गोम तिसऱ्या प्रश्नात आहे. फोनला चित्रात काय दिसते ते कळते: फूल, मोर, मूर्ती, दरवाजा. काम करताना आपण मात्र गरजेने शोधतो. मला ‘फुलांचे मखर’ नको असते. गोल कमान थर्माकोलशिवाय कशी उभी केली, एवढेच पाहायचे असते. ती गरज कुठेही लिहिलेली नसेल, तर जगातले कोणतेही अ‍ॅप ती शोधून देणार नाही. म्हणून अ‍ॅप बदलून हा रोग जात नाही.

पण ज्याची चवथ पुढच्या आठवड्यात आहे, त्याला आधी आजचे चित्र हवे. म्हणून सुरुवात तिथूनच.

‘पाहिल्याचे पक्के आठवते, पण कुठे ते आठवत नाही’

पहिला धागा फाइलच्या नावात मिळतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत, सॅमसंग आणि शाओमीत तर नक्कीच, स्क्रीनशॉटच्या नावात तारीख, वेळ आणि कोणत्या अ‍ॅपमध्ये तो काढला ते आपोआप येते. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘इन्स्टाग्राम’ हे नाव रोमन अक्षरांत टाकले, की तिथून काढलेले सगळे स्क्रीनशॉट एकत्र समोर येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्राच्या नावात तारीख आणि तिच्यामागे ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे असतात. ही तारीख चित्र तुमच्या फोनवर आल्याची आहे. फोटो कधी काढला होता, ते तिच्यावरून कळत नाही. कोणत्या सुमारास चित्र आले एवढे जरी आठवत असेल, तरी तारखेवरून पुष्कळ जवळ जाता येते.

गूगल फोटोजमध्ये चित्रावर छापलेल्या अक्षरांवरूनही शोध होतो. बहुतेक कलाकार चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव किंवा खात्याचे नाव टाकतात. त्यातला एखादा शब्द आठवला, तर टाकून पाहा. स्क्रीनशॉटमध्ये तर खात्याचे नाव वरच्या पट्टीत आलेले असतेच. ते कापून टाकायची अनेकांना सवय असते, ती आजपासून सोडा. चित्र नीटस दिसते खरे, पण त्याचा पत्ता जातो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात आधी ‘फोटो’ हा गाळणा लावा आणि मग शब्द टाका. फोटोखाली लिहिलेली ओळ शोधात सापडते, नुसता पाठवलेला फोटो सापडत नाही. म्हणून मंडळाच्या ग्रुपवर चित्र टाकणाऱ्याने खाली चार शब्द लिहिले, तर सगळ्यांचे भले होते.

इन्स्टाग्रामवर शेकडो पोस्ट जपल्या असतील, तर बोटाने सरकवत बसू नका. अकाउंट्स सेंटरमधून आपल्या माहितीची प्रत मागवता येते. तीत जपलेल्या पोस्टची यादी येते, खात्यांच्या नावांसह आणि दुव्यांसह. संगणकावर ती ब्राउझरमध्ये उघडून एका शब्दाने चाळता येते. प्रत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्रीच मागवून ठेवावी. मात्र ज्याने पोस्ट टाकली त्याने ती काढून टाकली असेल किंवा खाते खाजगी केले असेल आणि तुम्ही त्याला फॉलो करत नसाल, तर तुमच्या जपण्याला काही अर्थ उरत नाही. ‘सेव्ह’ हे बटण फक्त खूण करते, प्रत ठेवत नाही. अर्धी हरवलेली चित्रे याच गैरसमजातून हरवतात.

‘सापडले, पण कुठले आहे आणि कोणाचे आहे कळत नाही’

या तक्रारीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गोव्यात काम करणाऱ्यांचे सगळ्यात मोठे नुकसान इथे होते.

उलटा शोध घ्यायचा, म्हणजे चित्रच देऊन शोधायचे. त्यासाठी गूगल लेन्स आणि टिनआय ही दोन साधने पुरतात, पण दोघांची कामे वेगळी. लेन्स सारखी दिसणारी चित्रे आणून देते, ती कल्पना वाढवायला बरी. टिनआय तेच चित्र आणखी कुठे आहे ते शोधते आणि निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. मूळ धनी शोधायचा असेल, तर टिनआयवर जुन्यापासून खाली या. तिसरे साधन चित्रातच असते: पाटी, सही, फरशी, झाडे. पिंटरेस्टवरून घेतलेले चित्र असेल, तर पिनवरून मूळ पानावर जाऊन पाहा. दुवा मेलेला असला, तरी त्या पत्त्यातले शब्द उपयोगी पडतात.

सापडलेल्या नावावरही लगेच विश्वास ठेवू नये. ‘गोव्याच्या टाईल्स’ म्हणून फिरणाऱ्या चित्रांत पोर्तुगालमधल्या भिंतींचे फोटो पुष्कळ असतात. अझुलेजूची, म्हणजे झिलई दिलेल्या चित्रित टाईल्सची, परंपरा तिकडची, लिस्बनला तिचे स्वतंत्र राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि तिकडचे फोटो इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांचे १९३५चे अझुलेजू आहेत, पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातील प्रसंगांचे. बसस्टँडवर उतरून चालत जाता येईल इतके ते जवळ आहेत. ज्याला खरोखर टाईलची रेघ, निळ्या रंगाचा उतार आणि चौकटीची वेलबुट्टी अभ्यासायची आहे, त्याने निनावी पिना जमवण्याऐवजी तिथे एक सकाळ घालवावी. स्वतः काढलेल्या फोटोची जागा आणि तारीख पक्की असते, मोजमापही तिथेच घेता येते. तो हरवला, तरी पुन्हा जाता येते.

कावी चित्रांचेही तसेच. चुन्याच्या गिलाव्यावर चिऱ्याच्या तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि टोकदार हत्याराने तो खरवडून खालचा पांढरा काढायचा, असे हे तंत्र. गोवा, कोकण आणि कर्नाटकाची किनारपट्टी इथली देवळे आणि जुनी घरे यांवर ते सापडते. इंटरनेटवर मात्र या नावाची रोमन लिपीतली स्पेलिंगे दोन-तीन आहेत, आणि एक स्पेलिंग टाकले तर कवींचे फोटो येतात. म्हणून प्रत्येक विषयाची एक छोटी शब्दयादी वहीत ठेवा: मराठी नाव, कोकणी नाव, रोमन स्पेलिंगे आणि तंत्राचे जागतिक नाव. कावीसाठी त्यात ‘स्ग्राफिटो’ हवे. जुन्या गोमंतकीय लाकडी आणि हस्तिदंती कामासाठी ‘इंडो-पोर्तुगीज’ हवे, कारण परदेशी संग्रहालयांच्या सूचीत त्या वस्तू बहुधा त्याच नावाखाली लावलेल्या असतात. नुसते ‘गोवा’ टाकले तर समुद्रकिनारेच येतात. अशी यादी करायला अर्धा तास लागतो आणि ती वर्षानुवर्षे पुरते.

आता यंत्राने, म्हणजे एआयने, बनवलेली चित्रे. ती पिंटरेस्टवर फार झाली आहेत आणि पोशाखाच्या बाबतीत धोकादायक आहेत. कुणबी लुगड्याची खांद्यावरची गाठ, घोडेमोडणी नाचातला कमरेला बांधलेला लाकडी घोडा, समईच्या वातींची संख्या, हे तपशील अशा चित्रांत बिनदिक्कत चुकलेले असतात. चित्ररथावर ते चुकले, तर रस्त्याच्या कडेला उभी असलेली आजीसुद्धा ओळखते. माझा नियम कडक आहे: ज्याचा करणारा किंवा जागा सांगता येत नाही, ते चित्र रंगसंगतीसाठी पाहायचे. पोशाख, वाद्य, दागिना आणि विधी यांसाठी ते वापरायचे नाही.

‘दुवा जपला होता, पान उघडत नाही’

दुवा जुन्या लेखाचा किंवा संकेतस्थळाचा असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाका. जुनी प्रत मिळण्याची शक्यता बरी असते. पुढच्यासाठी तिथेच पान जतन करण्याची सोयही आहे, पैसे लागत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या पोस्टसाठी हा उपाय सहसा चालत नाही. तिथे स्वतःची प्रत ठेवणे हाच मार्ग.

प्रत म्हणजे चांगली प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले, की चित्र दाबले जाते आणि त्यातली तारीख, जागा ही माहितीही गळून पडते. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले, तर जसेच्या तसे पोहोचते. पडद्यावर मोठे छापायचे नेपथ्य असेल, तर हा फरक कापडावर स्पष्ट दिसतो.

आणि पावसाळ्याचे लक्षात ठेवा. चवथीच्या आधीच्या रात्री वीज जाते, गावात नेटवर्कही जाते. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या मंडळींना हे सांगायला नको. चालू कामाच्या फोल्डरातल्या फाइल गूगल ड्राइव्हमध्ये ‘ऑफलाइन’ करून ठेवाव्यात किंवा फोनमध्येच उतरवून घ्याव्यात.

‘कितीही लावले तरी पुन्हा तसेच होते’

हा मूळ रोग. माझ्या अनुभवात उपाय एकच टिकतो, आणि तो सोपा आहे म्हणूनच टिकतो.

सगळ्या वाटांनी येणारे चित्र आधी एकाच ठिकाणी यावे. ती जागा कोणतीही चालेल: ड्राइव्हमधले एक फोल्डर, टेलिग्राममधले ‘सेव्ह्ड मेसेजेस’, रेनड्रॉपसारखे दुवे ठेवणारे अ‍ॅप. फोनवरच काम करणाऱ्याला मी टेलिग्राम सुचवते, कारण तिथे चित्राखाली ओळ लिहिता येते, हॅशटॅग लावता येतो आणि फाइल म्हणून ठेवले तर दर्जा राहतो. संगणकावर काम करणाऱ्यांना प्युअररेफ आवडते: समोर मोठा मोकळा फळा, त्यावर चित्रे टाकायची, सगळे एकाच फाइलमध्ये राहते. पिंटरेस्ट मी शोधण्यासाठी वापरते. साठवण्यासाठी ते मला पटत नाही, कारण तिथे आपल्या चित्रांच्या शेजारी सतत दुसऱ्याची चित्रे येत राहतात आणि मन भरकटते.

चित्र ठेवताना त्याच क्षणी एक ओळ लिहायची. संध्याकाळी लिहू म्हटले की ती राहते. ओळीत तीन गोष्टी: का, कोणाचे, कुठून. उदाहरणार्थ, ‘कमानीच्या सांध्याला बांबूची चीप लावली आहे, खाते अमुक, जुलै’. किंवा ‘पट्टीतल्या पांढऱ्या रेघेची जाडी, स्वतः काढलेला फोटो, देवळाची उत्तर भिंत’. ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘मखर आयडिया’ असे लिहिले तर न लिहिल्यासारखेच. लिहायला काही सुचत नसेल, तर ते चित्र ठेवण्याची गरज नाही. पाहिले, आनंद झाला, पुढे जावे. माझ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे जड जाते, कारण न ठेवता सोडून द्यायची भीती वाटते. पण याच एका सवयीने त्यांच्या साठ्याचा आकार ताब्यात येतो आणि नजरही तयार होते. चित्रात नेमके काय आवडले ते शब्दांत सांगायला लागणे, हा चित्रकलेचाच अभ्यास आहे.

फोल्डर मात्र विषयाचे करू नका. ‘फुले’, ‘देव’, ‘रंग’, ‘घरे’ असे फोल्डर केले, की एकच चित्र चार ठिकाणी शोभते आणि कुठे टाकले ते विसरायला होते. फोल्डर कामाचा असावा: ‘यंदाचे मखर’, ‘संगीत नाटक, दुसरा अंक, वाडा’, ‘चित्ररथ’. काम संपले की वर्ष घालून तो बंद करायचा. विषयासाठी हॅशटॅग किंवा तुम्ही लिहिलेली ओळ आहेच. ज्यांना एकच चित्र अनेक गटांत हवे, त्यांनी एरीना (are.na) हे संकेतस्थळ पाहावे. तिथे एकाच चित्राचे धागे अनेक संग्रहांना जोडता येतात.

आठवड्यातून एकदा जमलेल्यावर नजर फिरवावी. काही चालू कामाच्या फोल्डरात जाते, काही पुसले जाते, बाकी तिथेच राहू द्यावे. रविवारी सकाळी चहासोबत हे होऊन जाते.

मंडळाचे काम असेल, तर संदर्भ सांभाळणारा एकच माणूस ठरवा. ग्रुपवर तीस जण चित्रे टाकतात आणि शेवटी सुतारकाका विचारतात, ‘यातले नक्की कुठले?’ त्या एका माणसाने निवडलेली चित्रे क्रमांक घालून एका फोल्डरात ठेवावीत आणि कामाच्या जागी छापून लावावीत. ‘क्रमांक चारची कमान, क्रमांक सातचा रंग’ असे बोलता आले की भांडणे कमी होतात. छापील कागदाला चार्जिंग लागत नाही.

‘हे वापरले तर चालेल का?’

घरच्या मखरासाठी कोणाची जाळी पाहून कापली तर सहसा कोणी काही म्हणत नाही. विकायचे, छापायचे किंवा पैसे घेऊन करायचे असेल, तर मात्र विचार हवा. भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे १९३५ साली वारलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांची चित्रे मोकळी झाली आहेत, १९६७ साली वारलेले आंजेलो द फोन्सेका यांची २०२७ संपेपर्यंत नाहीत. फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ साली गेले आणि मारियो मिरांडा २०११ साली, त्यामुळे त्यांच्या चित्रांना अजून बरीच वर्षे आहेत. मारियोंच्या धाटणीची माणसे टी-शर्टावर, भिंतींवर सर्रास दिसतात, म्हणून ती सार्वजनिक झाली असा समज आहे. तो चुकीचा आहे. त्यांच्याकडून शिकावे, म्हणजे गर्दी कशी मांडतात, खिडकी कशी तिरकी धरतात हे पाहावे, आणि मग आपल्या वाड्यावरची माणसे आपल्या हाताने काढावीत.

निर्धास्त वापरायला मोकळी चित्रे भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने ७ फेब्रुवारी २०१७ला आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींचे फोटो सीसी झीरो या, कोणतीही अट नसलेल्या परवान्याखाली खुले केले. क्लीव्हलँडने २०१९मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२०मध्ये तेच केले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियमची चित्रेही मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. आपल्याकडे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या वस्तू पाहता येतात. अशा ठिकाणाहून घेतलेल्या चित्राबरोबर वस्तूचा क्रमांक लिहून ठेवा. संग्रहालयाचे पान बदलले, तरी त्या क्रमांकाने वस्तू सापडते.

आणि आधीच साठलेल्या ढिगाचे काय?

तो लावायला बसू नका. हजारो जुन्या स्क्रीनशॉटना ओळी लिहिण्याचा बेत दोन दिवसांत बारगळतो आणि त्याबरोबर नवी सवयही जाते. सगळे उचलून ‘जुने’ नावाच्या एका फोल्डरात टाका, त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि नवे काम आजपासून नव्या पद्धतीने करा. जुन्यातले एखादे चित्र कामाला लागले, तर वर सांगितलेल्या वाटांनी ते शोधा, बाहेर काढा, तेव्हाच त्याला ओळ लिहा आणि चालू कामाच्या फोल्डरात ठेवा. हार्ड डिस्क पावसाळ्यात दमट कपाटात उघडी ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि अधूनमधून जोडून उघडते ना ते पाहा.